चार ताटं, एक पत्रावळ

"कोण्या गावचा रे तू?" शेठनं विचारलं.

"वर्ध्याचा."

"वर्ध्यात कोण्या मोहल्ल्यात?"

मी सांगितलं. जात विचारायची नाही, एवढी सभ्यता शेठजवळ होती. मोहल्ला कळला की भागतं. ते हसले आणि म्हणाले, "तू इथंच बस व्हरांड्यात. हवा चांगली लागते."

हवा खरंच चांगली होती. आत टेबलावर स्टीलची चार ताटं लागली. आमचे सीए साहेब, त्यांचे दोन कारकून आणि जीपचा ड्रायव्हर. माझ्यापुढे पत्रावळ. ताट घासून पुन्हा घरात घ्यावं लागतं, पत्रावळ फेकता येते. ड्रायव्हर सातवी नापास. मी बी.कॉम.

मी जेवलो. लपवत नाही. भूक होती, वरण झकास होतं, भात तर दोनदा मागून घेतला. अपमानानं घास अडकतो म्हणतात. माझा अडकला नाही, याचीच लाज पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिली.

शेठच्या समुद्रपूरच्या कापूस-जिनिंगचे हिशेब तपासायला आम्ही वर्ध्याहून आलो होतो. मी जीपमध्ये मागे, फायलींच्या पेटीवर. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत अनुभव मागायचे, आणि नोकरीशिवाय तो कुठून आणणार? साहेबांनी तोड काढली होती. वर्षभर बिनपगारी काम कर, शेवटी अनुभवाचा दाखला देतो. अकरा महिने झाले होते. माझा बाप कापूस बाजारात हमाल. पोरगा ऑडिटले जाते, असं तो सगळ्या बाजाराला सांगायचा.

काम असं की मी व्हाऊचर मोठ्यानं वाचायचं आणि कारकुनानं कॅशबुकात हिरव्या पेन्सिलीनं खूण करायची. माझा आवाज खणखणीत. कॉलेजच्या नाटकात मी भालदार होतो. राजाचं काम मागितलं की सर म्हणायचे, तुझा आवाज दारातच शोभतो.

जेवणानंतर पुन्हा वाचायला लागलो. डिझेल. सुतळी. कापसाच्या गाठी बांधायची मजुरी. मग एक व्हाऊचर आलं, मागच्या वर्षीच्या ऑडिटच्या दिवसाचं. मी त्याच भालदारी आवाजात वाचून गेलो:

"ऑडिट पार्टीचं जेवण. ताटं चार. पत्रावळ एक."

आणि थांबलो.

मागच्या वर्षी मी नव्हतो. मी कारकुनाला विचारलं, "माझ्या जागी कोण होतं?"

तो पेन्सिलीला टोक करत राहिला. "होता एक. तुमच्यातलाच. गेला सोडून."

म्हणजे शेठला माझा मोहल्ला आज कळला, पण पत्रावळ आधीच आणलेली होती. ही दरवर्षीची रीत होती. तिचा खर्च पडत होता, त्यावर खूण होत होती, खाली आमच्या साहेबांची सही.

"काऊन थांबला? वाच पुढं," साहेब म्हणाले.

"साहेब, हे पास होत नाही."

"काय झालं?"

"माणसं पाच, ताटं चार."

शेठ खुर्चीत मागे रेलले. "अरे बाबू, पोटभर जेवला ना तू? भात तर दोन डाव घेतला."

"घेतला, शेठजी. आता पाचवं ताट लिहा, नाही तर हे कागद तुम्हीच वाचा."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "एक महिना राह्यला तुझा. दाखला पाहिजे ना तुले? मंग वाच."

पाहिजे होता. बापासाठी तर फारच. मी फाईल मिटली, त्यांच्यासमोर ठेवली आणि एसटी स्टँडवर चालत गेलो. बस दीड तासानं आली.

दाखला मिळाला नाही. बाप म्हणाला, "एक महिना बसला असता तर काय झालं असतं?" मी त्याला पत्रावळीचं सांगितलंच नाही. बाजारात त्याच्याही ओंजळीत पाणी वरूनच ओतत होते.

पुढं दोन वर्षं एका दुकानात वह्या लिहिल्या, आणि नंतर नोकरी लागली, ऑडिटचीच. आता पंचवीस वर्षं होतील. थकलोय. कारखाने, संस्था, सोसायट्या, सगळीकडे अजूनही कोणी ना कोणी व्हरांड्यात बसलेलं दिसतं. आता थर्माकोलच्या प्लेटी असतात. मी माझा डबा नेतो. पण पहिलं व्हाऊचर जेवणाचं मागतो. माणसं किती, ताटं किती. जुळलं नाही तर सही करत नाही. अहवालात तसंच लिहून देतो.