बिनभाड्याचा टेम्पो

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, कुणाला नाही म्हणता येत नाही. आमच्या चांदीप गावाहून टेम्पोत वांगी-भेंडी भरून दादरला जायचं आणि येताना रिकाम्या गाडीत गावाचं सामान आणायचं, तेही फुकट. वर आत काय आहे ते विचारायचं नाही. "गाववाल्याचा सामान, इचारायचा कशाला?" मी चंदनसारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. माझ्या डोक्यात हे कधी शिरलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. गावातल्या एकाच्या मेहुण्याने दुकानाचं सामान म्हणून खोके चढवले, हायवेवर कस्टमवाल्यांनी गाडी अडवली, आणि खोक्यांतून निघाल्या ड्युटी न भरलेल्या परदेशी सिगारेटी! बाबांना वाटलेलं काचसामान असेल. उतरवणाऱ्यांना ते "जपून, फुटल" सांगत होते म्हणे. खोक्यांसकट टेम्पो जप्त, मेहुण्याचा फोन बंद. इकडे भेंडी झाडावर जून व्हायला लागली आणि बाबा ओटीवर बसून रस्त्याकडे बघत राहायचे. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

वकील म्हणाले, "खोक्यांचं सोडा, नुसती गाडी मागा. मालकाला खरंच माहीत नव्हतं, एवढं पटवून द्यावं लागेल. पण हा माणूस फुकटात सामान आणतो, यावर कस्टमचे साहेब विश्वास ठेवणार नाहीत."

म्हटलं, बघतेच कसे ठेवत नाहीत ते. ज्यांचं ज्यांचं सामान बाबांनी आणलेलं, त्यांच्या घरी मी फिरले, साक्षीला चला म्हणून. बाबांना कळलं तसे भडकलेच. "केलेला बोलून दाखवतेस? लाज नाय वाटत?" माझ्याशी बोलणंच बंद. मीही काही कमी नाही. ताट वाढायचे आणि तोंड फिरवून आत जायचे.

सुनावणीला माणसं गाडी करून आली. ऑफिसात बसायला जागा पुरेना. कुणी फ्रीजचं सांगितलं, कुणी शिलाई मशीनचं. एक काकू म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या लग्नाची भांडी यांनीच आनली." साहेबांनी विचारलं, "आणि एक पैसा घेतला नाही?" सगळे एका सुरात नाही म्हणाले, तर आमचे बाबा मध्येच, "तसा नाय साहेब, चाय पाजतात नं!" मी कपाळावर हात मारून घेतला. साहेब मात्र हसले.

काही आठवड्यांनी आदेश आला, गाडी परत करा. आम्ही दोघं आणायला गेलो. टेम्पो धुळीने माखलेला, टायर बसलेले. हवा भरली, बॅटरी बदलली. बाबा स्टिअरिंग धरून बसले, पण चावी काही फिरवेनात.

"आता काय झालं?" मी विचारलं. "अजून राग आहे का माझ्यावर?"

"राग नाय गं पोरी." त्यांचे डोळे भरून आलेले. "मना भेव वाटलेला. तू दारोदार फिरशील, नं कोनाला यादच नसल."