अरमानचा अर्ज

आखातातल्या रुवी गावच्या टायपिंग ऑफिसात नूरैन बारा वर्षं लोकांची रडगाणी अरबीत उतरवत आली होती. व्हिसा संपलेला, पगार अडकलेला, अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, बिनसलेलं. माणूस खुर्चीत टेकायच्या आत हिची बोटं 'सन्माननीय साहेब'पर्यंत पोचलेली. कुणाला स्वतःच्या खर्चाने चहा पाजेल, पण अर्जात डोळ्यांतलं पाणी सांडू देणार नाही, अशी बाई. त्या दुपारी मात्र समोर तिचीच अम्मी हवाबी बसली होती, शेजारी धाकटा भाऊ अरमान, आणि नूरैनला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढताना गाल बधिर होतो, तशी ती सगळीच बधिर झाली होती.

गेल्या वर्षी अरमान नशेच्या गोळ्यांसह सापडला. कोर्टाने वर्षाची कैद स्थगित ठेवली, ती एका अटीवर: दर महिन्याला लघवीची तपासणी आणि ती स्वच्छ. या महिन्याची स्वच्छ आली नाही. सोमवारी न्यायाधीशांनी ऐकलं नाही तर कैद, आणि कैद संपली की थेट हद्दपारीचं विमान.

"लिव, मी दिली त्याला खोकल्याची दवा," हवाबी म्हणाली. ती महिन्यापूर्वीच रत्नागिरीहून आली होती. "माज्या बॅगेत हुती म्हनून लिव. म्हातारीला कोन काय करतंय?"

करतात, हे नूरैनला पक्कं ठाऊक होतं. नशेचा अंश असलेल्या असल्या बाटल्यांपायी आत गेलेल्यांचे अर्ज तिनेच टाइप केले होते.

"खोकला होता तुला?" तिने अरमानला विचारलं. तो नख कुरतडत राहिला.

मग तिने टाइप केलं आणि कागद अम्मीपुढे ठेवला. घरच्यांची विनंती, म्हणून सही अम्मीची. अम्मीला अरबी कुठं कळतंय, असा तिचा हिशोब. पण रोज कुराण वाचणारी बाई न वाचता सही कशी करील? हवाबीने चष्मा चढवला. जेर-जबरच्या स्वरखुणा नसलेल्या अक्षरांवर अडखळत, बोट फिरवत ती मोठ्याने वाचू लागली. आवाज घरी कुराणाची तिलावत करताना असतो तसाच अदबीचा. मध्येच बोट एका ओळखीच्या शब्दावर थांबलं.

"मरीज," ती म्हणाली. पुढच्या ओळीत, "इलाज." मग तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत धुंडाळला. "ह्यात दवा खय हाय गे?"

"नाही घातली, अम्मी. तो आजारी आहे, त्याला इलाजाला पाठवा, असं लिहिलंय."

"म्हंजे परत गोळ्या घेतल्यान त्याने."

"हो."

"तुला कदी कळला?"

"रमजानात. तपासणीच्या तारखा सांभाळून गोळ्या घेतो, म्हणाला. मी गप्प बसले."

"ईदला फोनवर तूच सांगितलंस, तो बरा हाय. मी अल्लाचे आभार म्हनून शुक्राचे रोजे धरले, नूरैन."

नूरैनला रडायचं होतं. रडू आलं नाही. हवाबीने एकेक अक्षर जुळवत सही केली. पेन मुलीच्या पुढे आलेल्या हातात न देता टेबलावर ठेवलं, आणि अरमानच्या खांद्याचा आधार घेत ती उठली.