शेवटच्या बाकाचं उट्टं

माझी मोठी बहीण कुणालाही चटकन माफ करत नाही. लहानपणी मी तिची कंपासपेटी पाडली, तर पुढचे तीन महिने तिने माझ्या पेन्सिलीला टोक करून दिलं नव्हतं. त्यामुळे ज्या माणसाने तिचा दहावीचा वर्ग काढून घेतला, त्याच्यावर तिने अकरा वर्षं डूख धरला याचं मला तरी नवल वाटलं नाही. मी तिच्याच शाळेच्या ऑफिसात कारकून आहे आणि राहतेही तिच्याच घरी. घडलं त्यातलं निम्मं मी फायलींत पाहिलं, निम्मं वर्गाच्या दारातून आणि राहिलेलं निम्मं भाजी निवडताना ताईच्या तोंडून ऐकलं. गणित तिचं चांगलं आहे, माझं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तो माणूस तपासनीस होता. शर्टाची घडी इतकी कडक, की सगळी शाळा त्याला इस्त्रीसर म्हणायची. तो ताईच्या वर्गात शेवटच्या बाकावर चाळीस मिनिटं बसला आणि जाताना एका ओळीचा शेरा लिहून गेला: शिक्षिकेचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. ताईचा आवाज! ती लहानपणी ओट्यावर बसून पाढे म्हणायची तेव्हा गल्लीच्या टोकाचा दूधवाला तिच्या चुका काढायचा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी त्या कागदावर शिक्का मारला आणि फाईल कपाटात ठेवून दिली.

दहावी गेली. आयुष्यात कधी कुणाचं न ऐकणाऱ्या ताईने नेमकं त्या कागदाचं ऐकलं. ती खालच्या वर्गांवर घसा फोडून शिकवायला लागली. दिवसाला सहा तास, वर्षानुवर्षं. शेवटी घशात गाठी झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, चार महिने कुजबुजायचंसुद्धा नाही. भावोजी थट्टेने म्हणाले, "घरात जरा शांतता झाली," त्यावर ताईने वहीत लिहून त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही. आवाज परत आला तो घोगरा, वाक्याच्या मध्येच तुटणारा. मोठ्याने हाक मारणं तिला पुन्हा कधी जमलं नाही.

यंदा हुकूम निघाला, की मोठ्या वर्गांवर एकाच वेळी दोन शिक्षक द्यायचे. एकाने फळ्याशी शिकवायचं, दुसऱ्याने बाकांमधून फिरत अडलेल्या मुलांकडे बघायचं. सातवीत चौसष्ट मुलं. त्याच सुमारास तपासनिसांच्या जागा कमी झाल्या आणि इस्त्रीसर आमच्याच शाळेत साधे शिक्षक म्हणून येऊन पडले. हेडबाईंनी भोळेपणाने सातवीच्या गणिताला जोडी लावली, ताई आणि इस्त्रीसर.

त्या दिवशी ताई घरी आली ती हसतच. मला तिच्या रागाची भीती वाटत नाही, हसण्याची वाटते.

"आता बघ," ती म्हणाली, "माणूस आपल्या पायांनी चालत आलाय."

तिने एक वही केली आणि त्यात त्याची एकेक चूक तारखेसकट टिपायला लागली. तो फळ्यासमोर उभा राहून लिहिलेलं झाकतो. पुढच्या दोन रांगा सोडून कुणाला विचारत नाही. सर मात्र खणखणीत शिकवायचे, भिंतीपलीकडच्या वर्गालाही त्यांचं गणित पाठ व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात शेवटच्या बाकावरच्या एका बारीकशा मुलीने हात वर केला आणि उत्तर दिलं. बरोबर उत्तर. सर म्हणाले, "बोल." तिने परत सांगितलं. सर म्हणाले, "येत नसेल तर हात कशाला वर करतेस? बस खाली."

ताई तिच्या शेजारीच उभी होती. तिने वहीत काही लिहिलं नाही. सरांची पाठ फिरली तशी तिने हातातली लाकडी पट्टी बाकावर सणसणीत आपटली. चौसष्ट मुलं दचकली. सर शांतपणे फळ्यावर भागाकार करत राहिले.

संध्याकाळी ताईने माझ्यापुढे भाजीची परात ठेवली आणि स्वतः तिला हातही लावला नाही.

"त्याला ऐकू येत नाही गं. तेव्हाही येत नसणार," ती म्हणाली. "मग मी इतकी वर्षं ओरडले कुणासाठी?"

मला रडू आलं. तिला नाही आलं. मी म्हटलं, "उद्याच जा आणि हेडबाईंना सांग."

"इतक्या स्वस्तात? दोन महिन्यांनी तपासणी आहे. तोवर त्याला माझी अशी सवय लावते, की माझ्यावाचून त्याचं पान हलणार नाही. आणि त्या दिवशी नेमके हात खाली सोडते."

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात मागे उभी राहायला लागली. मूल उत्तर द्यायचं आणि ताई बोटं वर करायची. आधी दशकाची बोटं, मग एककाची. उत्तर चुकलं असेल तर मूठ. पहिल्यांदा सर गोंधळले, मग बुडत्याने काडी धरावी तशी त्यांनी ती बोटं धरली. दोघांमध्ये त्याबद्दल एक शब्द झाला नाही. मोकळ्या तासाला ती दोघं एका टेबलाशी बसून उद्याच्या पाठाचं टाचण काढत. ताई लिहायची, ते वाचायचे आणि मान हलवायचे.

आता गंमत अशी झाली, की वर्ग सुधारला. एकाचा आवाज, दुसरीचे कान. सर मागच्या बाकांनाही प्रश्न विचारायला लागले, कारण मागे ताई होती. ताईला ओरडावं लागत नव्हतं, त्यामुळे ती कच्च्या मुलांजवळ बसून हळू आवाजात त्यांची हातच्याची चूक दाखवायची. चाचणीत नापास होणारे एकवीस होते, ते सहावर आले. दुसरे शिक्षक दाराशी उभे राहून बघायला लागले. हेडबाई म्हणाल्या, "काय जमलंय हो तुमचं!" ताई गोड हसली. मी फाईलमध्ये तोंड खुपसलं.

तपासणीला दोघेजण आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी हजेरीपट घेऊन दाराशी उभी होते. सरांनी शेकडेवारीचं उदाहरण घातलं. त्याच बारीक मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "पस्तीस."

सरांनी ताईकडे पाहिलं. ताईने दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

"मोठ्याने सांग," सर म्हणाले.

"पस्तीस!"

"अजून मोठ्याने. मागचं काही पोचत नाही इथपर्यंत."

मुलगी ओरडली. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, आवाज चिरकला. सरांच्या कपाळावर घाम आला होता, नजर ताईच्या खांद्यांवर खिळलेली होती. ताईच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं. तिला हवं होतं ते अगदी हवं तसं घडत होतं. तेवढ्यात बाकावरच्या एका तपासनिसाने कागदावर लिहायला सुरुवात केली. ताईने वाकून पाहिलं: विद्यार्थिनीचा आवाज फळ्यापर्यंत पोचत नाही.

तिचं हसू गेलं. तिने त्याच्या पेनावर सरळ हात ठेवला.

"ते खोडा," ती म्हणाली. आवाज फुटत होता तरी थांबली नाही. "पोरीने तीनदा बरोबर सांगितलंय. ऐकू येत नाही ते सरांना. आणि मी मुद्दाम गप्प बसले, हेही लिहा."

मग ती सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"माझ्या वर्गात बसला होतात, तेव्हा येत होतं ऐकू?"

सरांनी खडू खाली ठेवला. "कमी यायचं," ते म्हणाले. "मला वाटायचं, लोकच हळू बोलतात."

दुपारी त्यांनी ऑफिसात माझ्यासमोर बसून तो जुना शेरा खोडला, शेजारी कारण लिहिलं आणि सही केली. मला त्यांची अजिबात दया आली नाही. आठवडाभराने ते कानाला यंत्र लावून आले. त्यांची नोकरीची दोनच वर्षं राहिली होती, म्हणून वरच्यांनी त्यांना ठेवून घेतलं.

हेडबाई ताईला म्हणाल्या, "शेरा गेला, आता दहावी परत घ्या."

"कुठल्या आवाजात घेऊ?" ताईने विचारलं.

हेडबाईंनी वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "निदान जोडी तरी बदलू का?"

"नाही. सर माझ्याच वर्गात राहतील. पण रोजचा पहिला प्रश्न त्या मुलीला विचारायचा आणि उत्तर ऐकायला तिच्या बाकापाशी जायचं. यंत्र असलं तरी."

सर रोज जातात. चौसष्ट मुलांच्या मधून वाट काढत जातात, वाकतात, ऐकतात आणि तितकंच अंतर परत येतात. तोवर ताई फळ्याशी उभी असते. परवा मी हजेरीपट न्यायला गेले होते. बाकापासून परत येता येता सर ताईजवळ थांबले आणि हलक्या आवाजात काही बोलायला गेले. पण त्यांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज कुठे आहे? सगळ्या वर्गाने ऐकलं.

"बाई, आता तरी माफ करा."

ताईने फळ्यावर पुढचं उदाहरण लिहिलं, खडू त्यांच्या हातात दिला आणि मागे मुलांमध्ये जाऊन उभी राहिली. पहिलं उत्तर आलं तशी तिने बोटं वर केली.

माफ मात्र केलेलं नाही. मी तिची बहीण आहे, मला कळतं.