कानबाई हजर शे

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. आणि जिच्यासमोर ते घडलं, त्या वेणूमावशीपाशी तर या विषयावर चकार शब्द काढलेला नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं तर मलाही नीट ठाऊक नाही.

आधी नदीचं सांगू द्या. शिंदखेडा तालुक्यात तापीच्या काठावर सांडपाणी शुद्ध करणारं एक केंद्र उभं आहे. पूर्वी आमच्या गटारांचं काळं पाणी तसंच नदीत उतरायचं आणि वाहत वाहत गुजरातेत जायचं. तिकडचे लोक आमच्या नावानं बोटं मोडत, आणि त्यांचं काय चुकत होतं? आता ते थांबलं आहे. उन्हाळ्यात काठावर उभं राहिलं तर नाकाला रुमाल लावावा लागत नाही. म्हशी पाण्यात बसतात, पोरं सूर मारतात. हे बघितलं की ऊर भरून येतो. या कामात माझाही हात होता — आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. शिंदखेड्याच्या शाळेतल्या गुरुजींनी माझा अर्ज स्वतः भरून मला जळगावच्या वसतिगृहात धाडलं. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण जळगावला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून ‘आहे’च्या जागी ‘शे’ निघालं आणि अख्खी खोली हसली. वाईट मनानं नव्हे, पोरं हसतात तशी. त्या दिवसापासून मी ‘शे’ गिळला. पुढे पुण्याच्या कंपनीत लागलो तेव्हा मी सरळ ‘जळगाव शहरातला’ झालो होतो. अहिराणी कळते का, असं कोणी विचारलं तर म्हणायचो, “थोडीफार, कानावर पडलेली.” आईशी फोनवर बोलायला गच्चीत जायचो.

या केंद्राचा पर्यावरण अहवाल आमच्या कंपनीकडे आला आणि पाहणीला मला पाठवलं. ठरलेली जागा पाहताक्षणीच ओळखली. ते गाव माझ्या मामाचं. आणि जी उतरण कुंपणाच्या भिंतीत जाणार होती, त्या उतरणीवरूनच गावाची कानबाई नदीवर जाते.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो. कानबाई ही आमची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नाक, नथ, साडी लेववून तिला घरात बसवतात. कुठे कुठे पांगलेले भाऊबंद त्या दिवशी गावी येऊन तिच्या प्रसादाचे रोट खातात. सोमवारी बाया तिला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. तिचं देऊळ नसतं. वर्षातून एक दिवस, आणि ती वाट.

पाहणीत मी गावकऱ्यांना छापील प्रश्न विचारला — काठावर धार्मिक स्थळ आहे का? ते म्हणाले, नाही. देऊळ नव्हतंच, तर काय सांगतील? मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. मला माहीत होतं की प्रश्नच चुकीचा आहे. पण ती वाट अहवालात आली असती तर आराखडा बदलला असता, वरिष्ठांनी विचारलं असतं, तुला कसं कळलं? मग काय सांगणार होतो? की लहानपणी मीही त्या उतरणीवरून नाचत गेलोय?

तरी हा माझा गुन्हा नव्हे. तो पुढे घडला, जनसुनावणीत. शाळेच्या पटांगणात मांडव, पंखे, टेबलावर पांढरी चादर. अध्यक्ष अधिकारी नुकतेच कोकणातून बदलून आलेले, भले गृहस्थ. शंकांना उत्तरं द्यायला टेबलाशी कंपनीतर्फे मी. बायांमधून वेणूमावशी उठली. आईची लहानपणची मैत्रीण. तिनं मला कडेवर खेळवलेलं. माईक हातात घेऊन ती कडाडली —

“तुम्ही नदी साफ करतस, चांगलं शे. पन भित बांधशात तं आम्हनी कानबाई कथाईन जाई?”

भिंत बांधल्यावर कानबाई कुठून जाणार, असा तिचा सवाल. अधिकाऱ्यांना त्यातलं ‘कानबाई’ एवढंच कळलं. त्यांनी चष्मा सावरला आणि अदबीनं विचारलं, “या कानबाई कोण? त्यांची जमीन जाते आहे का?”

मांडवात हशा फुटला. सरपंचांना काम लवकर व्हायला हवं होतं, त्यांनी मान खाली घातली. अधिकारी गोंधळून माझ्याकडे वळले. वेणूमावशीही माझ्याकडे बघत होती — निर्धास्त. आपलाच पोरगा टेबलाशी बसलाय, सांगेल की.

आणि मी म्हणालो, “सर, कानबाई नावाच्या कोणत्याही महिलेची जमीन या प्रकल्पात जात नाही.”

बघा ना. शब्दन्‌शब्द खरं. इतकं खरं खोटं मी आयुष्यात पुन्हा बोललो नाही.

हशा थांबला. मावशीच्या चेहऱ्यावर राग आला नाही, रडू आलं नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात खोटं माप देणाऱ्याकडे पाहावं तसं, आणि नजर काढून घेतली. माझं नाव घेऊन ती मला तिथेच उघडं पाडू शकली असती. तिनं तसं केलं नाही. अधिकारी बिचारे समजुतीनं म्हणाले, “तरी त्या बाईंचं म्हणणं त्यांनी स्वतः येऊन मांडावं. मी जागा पाहायला येणारच आहे. त्यांना कधी जमेल?”

मावशीचे डोळे चमकले. “नागपंचमी नंतरना सोमवारले येई ती. तुम्हीन टाइमवर या बरं, साहेब. तिले वाट दखाले आवडत नही.”

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांनी सोमवार नक्की केला. त्या क्षणीही मी सांगू शकलो असतो. मी तारीख डायरीत टिपून घेतली.

तो सोमवार! आम्ही उतरणीपाशी उभे होतो आणि गल्लीतून आधी डफ ऐकू आला, मग सनई, मग अख्खं गाव आलं. सुरतेला कामाला गेलेले भाऊबंद, नव्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, फुगड्या घालणाऱ्या लेकी. मधोमध वेणूमावशी, डोक्यावर पाट, पाटावर नथ घातलेली, डोळे रेखलेली ती. मावशी थेट साहेबांसमोर येऊन थांबली. वाजंत्री थांबली.

“हाई दखा, साहेब. कानबाई. हजर शे.”

साहेब एकदा पाटाकडे, एकदा मावशीकडे बघत राहिले. मग त्यांना उमगलं, आणि तो माणूस असा मोकळा हसला की गावही हसलं. त्यांनी बूट काढले, हात जोडले. म्हणाले, “बाई, यांची तर सगळ्यात मोठी जमीन जात होती.” त्यांनी आराखड्यात भिंत मागे सरकवली, नदीत पाणी सोडायचं तोंड खालच्या अंगाला नेलं. केंद्र झालं, उतरणही राहिली. नदी जिंकली, बाया जिंकल्या. त्या दिवशी मीही नाचलो, काय करू, राहवलंच नाही.

उद्घाटनाला गावानं माझा सत्कार केला. आपला पोरगा साहेबांसोबत होता म्हणून वाट वाचली, असं सरपंच माईकवर म्हणाले. कंपनीनंही माझी पाठ थोपटली, लोकांचा असा सहभाग क्वचित मिळतो म्हणून. मी शाल घेतली. पहिल्या रांगेत बसून वेणूमावशी टाळ्या वाजवत होती. सगळ्यांइतक्याच.

आता मी ‘शे’ म्हणतो, ऑफिसातसुद्धा. त्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. मी घाबरून गप्प राहिलो, असं म्हणून मला सुटता येत नाही. गप्प मी नव्हतोच. मला विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं — माईकवर, शुद्ध मराठीत, तिच्या डोळ्यांसमोर.