अकोल्याच्या वरातीत माझं गाणं

माझा गळा इतका बेसूर आहे की गणपतीच्या आरतीलाही मी नुसत्या टाळ्या वाजवतो. पण कान मात्र देवानं बरे दिले. चाळीसेक वर्षांपूर्वी वीज खात्यात नोकरी लागली आणि पहिली नेमणूक अकोल्याला मिळाली, तेव्हा मोर्णा नदीच्या पुलाजवळ एक खोली भाड्यानं घेतली होती. घरमालकाचा धाकटा भाऊ जहाजावर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की देशोदेशीच्या कॅसेटी आणायचा आणि इथंच टाकून जायचा. एके दिवशी घरमालकीणबाईंनी कॅसेटींनी भरलेला बिस्किटाचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "घेऊन जा बा. आमच्या घरी कोनी ऐकत नाई, अन् फेकाले जीव होत नाई."

त्यातली एक मी शर्टाला इस्त्री करता करता लावली. एक बाई गात होती. गात होती म्हणण्यापेक्षा, शेजारी बसून सांगत होती. मागं पियानो, आणि ढोलावर कुणीतरी झाडू फिरवावा तसा एक सुर्र सुर्र आवाज. इंग्रजी शब्द निम्मेच कळले. पण गाणं संपलं तेव्हा इस्त्री बंद करायचं भान मला राहिलं नव्हतं आणि शर्टाची बाही जळाली होती. जळकी बाही कोटाच्या आत लपवून मी आठ दिवस ऑफिसला गेलो. ह्या प्रकाराला जॅझ म्हणतात हे पुढं कधीतरी घरमालकाच्या भावाकडूनच कळलं. त्यातही ही जुनी, सावकाश, गोड चालीची गाणी. धावपळ नाही, ओरडणं नाही. मला तेवढीच हवी होती.

आवडलेली वस्तू दुसऱ्याला दाखवल्याशिवाय माणसाला राहवत नाही. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या मित्राला मी एक कॅसेट दिली. तिसऱ्या दिवशी त्यानं ती परत आणली. "टेप खराब हाय तुही. बाई झोपेत गाऊन राहिली." आणखी दोघांना दिली. एकानं तिच्यावर पोराच्या बारशाची गाणी भरून परत केली. त्यानंतर मी कुणाला काही दिलं नाही.

लग्न झालं ते अंजनगाव सुर्जीच्या मुलीशी. माहेरचे पानमळे, घरात सगळे गाणारे. ती पोळ्या लाटतानाही हिंदी सिनेमातली जुनी गाणी अशी म्हणायची की शेजारीण खिडकीत येऊन उभी राहायची. मी मोठ्या आशेनं तिला माझी आवडती कॅसेट ऐकवली. तिनं अर्धं गाणं ऐकलं आणि विचारलं, "हे काय लावून राहिले तुमी? दाताच्या डाक्तरकडं नंबर लावून बसल्यासारखं वाटते."

मग आमच्यात एक तह झाला. रविवारी सकाळी चहाबरोबर एक गाणं तिचं, एक माझं. तिच्या गाण्याच्या वेळी मी बसून ऐकायचो. माझ्या गाण्याच्या वेळी ती उठून कामाला लागायची. अमरावतीला बदली झाली, तिथल्या कॅम्प भागात घर झालं, कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन मोबाईल आला, मी निवृत्त झालो. तह टिकला. पण माझं गाणं ऐकणारा माणूस मला काही मिळाला नाही.

मुलाचं लग्न ठरलं ते अकोल्याच्या मुलीशी. वरात अकोल्यात निघणार. मुलगा पुण्याला नोकरीला, त्याला डीजे हवा होता. मी म्हणालो, "बँडही पाहिजे."

"बाबा, बँड आता कोन लावते?"

"मी लावतो. अन् त्यात एक गाणं माझ्या आवडीचं वाजंन."

त्याला कोणतं गाणं ते लगेच कळलं. घरातच वाढला होता. तो आईकडं बघून हसला. बायको म्हणाली, "लोकं घोड्याजवळच झोपतीन." पण मुलगा मनाचा मोठा. म्हणाला, "ठीक हाय बाबा. एकच गाणं. मग डीजे."

शालू घ्यायला मी आणि बायको अकोल्याला गेलो, तेव्हा वाटेत जुन्या शहरातल्या एका बँडच्या दुकानात शिरलो. भिंतीवर लाल कोट टांगलेले, खुंट्यांना टोप्या, कोपऱ्यात चिंचेनं घासून चकचकीत केलेले पितळी बाजे. बँडचे मास्तर सत्तरीचे. क्लॅरिनेट मांडीवर आडवी ठेवून बसले होते. मी वरातीची तारीख सांगितली आणि घाबरत घाबरत मोबाईल त्यांच्या कानाशी नेला.

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. कुणी माझं गाणं असं डोळे मिटून ऐकताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो.

"कोन्या सिनेमातलं हाय?"

"सिनेमातलं नाही मास्तर. तिकडचं हाय, फार जुनं. जॅझ म्हणतात."

"नाव काई असो. चाल लंगडी हाय याची." त्यांनी पुन्हा कान लावला. "पन लंगडा मानूस मोठ्या ऐटीत चालून राहिला, भाऊ."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. चाळीस वर्षांत मला जे कुणाला सांगता आलं नव्हतं, ते या माणसानं अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं.

त्यांनी आतून चार-पाच जणांना बोलावलं. गाण्याची पहिली ओळ दोनदा येते, मग एक मधला तुकडा, मग पुन्हा पहिली ओळ. पहिली ओळ मास्तरांनी दोन फुंकांत पकडली. ढोलवाला सवयीनं धडाम धडाम सुरू झाला, तर मास्तर त्याच्यावर डाफरले, "घाई नको करू. जेवन झाल्यावर पान खाऊन फिराले निघाल्यासारखं वाजव." तोही हळूहळू जमवायला लागला.

मधल्या तुकड्यावर मात्र गाडी अडली. तिथं ती गाणारी बाई सूर सरळ लावतच नाही, घसरत घसरत जाते. मोबाईलचा आवाज केवढासा, आणि बाहेर ऑटोंची पोंपों. मास्तर तीनदा चुकले. चौथ्यांदा क्लॅरिनेट खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, तुमी गाऊन दाखवा ना तेवढं."

मी घसा साफ केला आणि गायलो. मोठा बाजा घेऊन बसलेल्या माणसानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

बायको दाराशी स्टुलावर शालूची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं पिशवी खाली ठेवली आणि गायला लागली. शब्द नव्हते, नुसतं ना-ना-ना. पण सूर न् सूर बरोबर. ती बाई जिथं घसरते तिथं ही घसरली, जिथं श्वास घ्यायला थांबते तिथं थांबली, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर अशी अलगद उतरली की मास्तरांनी तिथंच क्लॅरिनेट तोंडाला लावून तिच्या पाठोपाठ वाजवून टाकलं.

मी तिच्याकडं बघतच राहिलो.

"तुले हे कसं येते?"

"तीस-बत्तीस वर्षं कानाशी वाजून राहिलं. घराच्या भिंतीलेही पाठ झालं असंन."

"म्हणजे आवडते तुले?"

"आवडते म्हनून कोन म्हनलं? पाठ हाय म्हनलं." मग पिशवी उचलता उचलता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "हा मधला तुकडा चांगला हाय. बाकीचं ठीक."

त्या दिवशी अकोल्याहून अमरावतीपर्यंत बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो. बोललो असतो तर रडलो असतो.

लग्नाच्या दिवशी साडेचारला वरात मारुतीच्या देवळापासून निघाली. पुढं बँड, मध्ये घोड्यावर मुलगा, मागं डीजेची गाडी. बँडनं नेहमीची गाणी वाजवली, पोरं घाम गाळून नाचली. मंगल कार्यालयाची कमान दिसली तसा मी मास्तरांना हात केला.

त्यांनी मान हलवली. ढोल एकदम खाली उतरला, सावकाश चालायला लागला, आणि क्लॅरिनेटनं पहिली ओळ उचलली.

नाचणाऱ्या पोरांचे हात हवेतच राहिले. एकानं मला विचारलं, "काका, बँड बंद पडला काय?" दोघं-तिघं हसले. माझ्या एका साडूनं घड्याळ बघितलं. फेट्याखाली मला घाम फुटला. मुलाच्या लग्नात आपण हा कसला हट्ट केला, असं वाटून गेलं. मास्तर कुणाकडंच बघत नव्हते. त्यांनी पहिली ओळ तितक्याच ऐटीत दुसऱ्यांदा वाजवली.

मग मधला तुकडा आला आणि बायकांच्या घोळक्यातून माझी बायको पुढं आली. नवा शालू, हातात हिरवा चुडा, आणि मोठ्यानं, खुल्या आवाजात, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं तिचं ना-ना-ना. क्लॅरिनेट तिच्या मागं, ती क्लॅरिनेटच्या मागं. गाता गाता ती डोलायला लागली. कमानीत विहीणबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. हिनं हात पुढं केला. विहीणबाईंनी ताट बहिणीच्या हातात दिलं आणि आल्या! त्यांच्यामागं त्यांच्या जावा आल्या, हिच्या नणंदा-भावजया आल्या. बघता बघता बायकांचं एक मोठं, संथ रिंगण झालं. पोरांनाही उमगलं की इथं उड्या मारायच्या नाहीत, नुसते खांदे सोडून चालायचं. मुलगा घोड्यावरून उतरला आणि आईचा हात धरून नाचला. साडूनं घड्याळ झाकलं. डीजेवाला गाडीच्या टपावर बसून पाय हलवत ऐकत होता.

गाणं संपलं आणि ओरडा झाला, "पुन्हा! पुन्हा!"

मास्तरांनी चार वेळा वाजवलं. दुसऱ्या वेळी मीही शिरलो रिंगणात, फेट्यासकट. मला नाचता येत नाही, पण त्या दिवशी आलं. आतून गुरुजी धावत बाहेर आले, "अहो, मुहूर्त चालला!" तेव्हा कुठं वरात आत गेली.

पंगतीत सुनेचे मामा माझ्या शेजारी बसले होते. वरूडचे, संत्र्याचा व्यापार. आलू-वांग्याची भाजी वाढून झाली तसे मला, व्याह्याला, म्हणाले, "इवाईबुवा, ते गानं माह्या मोबाईलवर टाका ना." मी मूळ गाणं लावून मोबाईल त्यांच्या कानाला धरला. त्यांनी घास हातात तसाच ठेवून पूर्ण ऐकलं.

"चांगली गाते बाई," ते म्हणाले. "पन आमच्या इहीनबाईची सर नाई."

हे पंक्तीभर पोचलं. पलीकडच्या ओळीत बायको वाढत होती. तिनं बुंदीचं भांडं घेऊन थेट मामांचं पान गाठलं आणि नको नको म्हणेपर्यंत वाढलं. मग समोरच्याला गाणं हवं झालं, त्याच्या शेजाऱ्याला हवं झालं. माझा भात गार झाला आणि मी डाव्या हातानं गाणं पाठवत राहिलो. ज्या गाण्याला घेणारा नव्हता, त्याची मागणी त्या रात्री मला पुरवता येईना.

महिन्याभरानं मामांनी वरूडहून व्हिडिओ पाठवला. संत्र्यांच्या पेट्या भरणं चालू आहे आणि मागं स्पीकरवर तेच गाणं. पेट्या भरणाऱ्या एका बाईचं डोकं तालावर हलतंय, अगदी बरोबर तालावर.

मग मास्तरांचा फोन आला. सीझन जोरात होता. तीन लग्नांत लोकांनी 'ते अमरावतीवाल्याचं सावकाश गानं' मागितलं होतं. "एकावर भागत नाई आता, भाऊ. अजून पाठवा," ते म्हणाले.

पाठवलं नाही. स्वतः घेऊन गेलो, बायकोसोबत, पाच गाणी. त्यातली दोन तिनं निवडली होती.