ओ न दिलेली हाक

गुनवोर होव्हलान्ने आयुष्यात कुणाला टाकून बोलल्याचे स्टाइन्वोग या बंदरगावात कुणाच्या ऐकिवात नव्हते. बंदर कचेरीत तिने चौतीस वर्षे बैठकांची इतिवृत्ते लिहिली. मच्छीमार एकमेकांच्या गळपट्ट्या धरायच्या बेतात आले, तरी तिच्या कागदावर ‘या विषयावर सविस्तर चर्चा झाली’ एवढेच यायचे. निवृत्तीनंतर तिने नगरपालिकेच्या चित्रपटगृहात एक काम आपणहून अंगावर घेतले. दर गुरुवारी सकाळी अकराला म्हाताऱ्यांसाठी खेळ असे, त्याला दोन-तीन अंध मंडळीही येत. गुनवोर मागच्या काचेच्या खोलीत बसून पडद्यावर दिसेल ते हळू आवाजात सांगे आणि ते त्यांच्या कानातल्या यंत्रात ऐकू येई. मंगळवारी ती सिनेमा आधी एकटीने पाहून वहीत टिपणे काढी. नऊ वर्षांत एक गुरुवार चुकला नव्हता.

त्या गुरुवारी डॅनिश सिनेमा होता. शाळेतला एक शिपाई, पन्नाशीचा, बिनलग्नाचा, अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे करणारा. अंध प्रेक्षक एकटा आर्नफिनच आला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ पूर्वी फेरीबोटीच्या इंजिनावर होता. साठीच्या आतच त्याचे डोळे गेले. खेळ संपल्यावर मंडळी कॉफीभोवती जमली. आर्नफिनने बशीतले वॉफल आणि त्यावरचे तपकिरी चीज तसेच राहू दिले. सिनेमा चालू असताना मध्येच सभागृहातली चाळीस म्हातारी माणसे एकदम श्वास ओढून गप्प झाली ती कशाला, असे त्याने विचारले. आई हाका मारते आहे आणि मुलगा जिन्यावर आहे, एवढेच त्याच्या कानात पडले होते.

“काही नाही हो,” गुनवोर म्हणाली. “मांजर आडवं गेलं.”

“मांजर.”

“काळं होतं.”

“असेल. डेन्मार्कातली मांजरं मोठी असतात म्हणे. चाळीस माणसांचा श्वास अडकावा एवढी.”

शेजारी उभ्या असलेल्या योस्टाइनला, चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला, हसू आवरेना. आर्नफिन मात्र हसत नव्हता. “गुनवोर, तुझा शिपाई फार चांगला माणूस निघाला बघ. उठतो, आईचं करतो, कामावर जातो, येऊन पुन्हा आईचं करतो. मला जांभया आल्या. ज्याच्यात काही खोटच नाही त्याच्यासाठी मी का रडू? त्याचं माझ्यावाचून काय अडलंय?” मग काठी चाचपत तो उठला. “नऊ वर्षांत अशी किती मांजरं आडवी गेली, तेवढं आठवून ठेव. मला आता कुठला सिनेमा खरा पाहिला तेच कळेनासं झालंय.” पुढच्या गुरुवारी आपली वाट पाहू नये, असेही त्याने जाता जाता सांगितले.

गुनवोर घरी आली ती बसलीच नाही. शुक्रवारी तिने स्वच्छ खिडक्या पुन्हा पुसल्या. शनिवारी धक्क्यापर्यंत गेली, अर्ध्यावरून परतली, पुन्हा निघाली. जेवण पुढ्यात घेई आणि दोन घासांवर उठे. रविवारी तिने जुन्या वह्या काढल्या. पाहते तो पानोपानी खोडाखोड. परक्याचे पत्र फोडून वाचणारा मास्तर तिच्या टिपणात पत्र ‘शोधत’ होता. म्हाताऱ्या रोग्याची अंगठी खिशात घालणारी परिचारिका उशी ‘नीट करत’ होती. एकेका चुकलेल्या माणसाला तिने धुऊन, इस्त्री करून आर्नफिनपुढे उभे केले होते. त्याला वाईट वाटू नये म्हणून, असे ती इतकी वर्षे स्वतःला सांगत आली होती.

सोमवारी मात्र ते समाधानही टिकेना. या शिपायाची गोष्ट तिने आर्नफिनसाठी झाकलीच नव्हती. तिने स्वतःच्या आईला अकरा वर्षे सांभाळले होते. मुलगी असावी तर गुनवोरसारखी, असे सारे गाव म्हणे. एका फेब्रुवारीत कचेरीतून आल्यावर ती अंगातला कोटही न काढता जिन्याच्या तळाशी बसून राहिली. वरून आई हाका मारत होती. गुनवोरला सगळे ऐकू येत होते. तिने ओ दिली नाही. हाका थांबेपर्यंत ती तिथेच होती, आणि वर गेली तेव्हा आईला झोप लागली होती. कुणाला कळले नाही. आईनेही कधी विचारले नाही.

मंगळवारी सकाळी ती योस्टाइनकडे गेली. सिनेमा परत पाठवायला अजून एक दिवस होता. एका माणसासाठी खेळ लावायचा म्हणजे राजेशाहीच झाली, असे तो म्हणाला, पण त्याने लावला. आर्नफिनला आणणेच अवघड होते. तिने फोन केला. या खेपेला ती काय वगळणार आहे, असे त्याने विचारले. काही नाही, असे तिने सांगितले. त्यावर, हे तर मागेही म्हणाली असतीस, असा टोला त्याने हाणला. तरी आला.

या वेळी ती काचेच्या खोलीत गेली नाही, रिकाम्या सभागृहात त्याच्या शेजारी बसली. जिन्याचा प्रसंग आला. वरून पहिली हाक आली.

“तो जिन्यावर बसलाय,” ती म्हणाली. “ती पलंगावरून पडल्याचं त्याला कळलंय. त्यानं डबा उघडला. पाव खातोय.”

दुसरी हाक. तिसरी.

“अजून खातोय. वर बघत नाही.” ती त्याच्याकडे वळली. “आर्नफिन, मीही अशी बसले होते. माझ्या आईच्या वेळी. कोट घालून.”

“इंगर, माझी बायको, स्वयंपाकघरात बसायची,” तो म्हणाला. “मी हाक मारायचो. ती आहे हे मला कळायचं. श्वास ऐकू येतो ना, खुर्ची करकरते. ओ द्यायची नाही.”

“राग यायचा?”

“यायचा की. मग वाटायचं, हिलाही थोडं बसू दे.” त्याने नाक ओढले. “ते राहू दे. हा उठला का?”

“उठला.”

“धावत गेला?”

गुनवोरच्या जिभेवर ‘हो’ तयारच होता. तिने पडद्याकडे नीट पाहिले.

“नाही,” ती म्हणाली. “एकेक पायरी. पावाचे कण विजारीवरून झटकत.”

आर्नफिनने काळा चष्मा काढला आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. “सांग पुढं,” तो म्हणाला.