बिनहाडांची टर्की

थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की कोणीही भाजावी, तिचा सांगाडा मात्र व्हर्डी मेलाँसाँचा, असा त्या घराण्याचा अलिखित कायदा होता. गुरुवारी जेवणं उरकली की व्हर्डी पातेलं घेऊन उभी राही, आणि शुक्रवारी त्या हाडांच्या रश्शात उरलंसुरलं मांस सोडून तिचा गंबो, म्हणजे तिकडचं दाट कालवण, शिजे. लुइझियानातल्या त्या खाडीकाठच्या गावात गंबो घरोघर होई, पण नातलग सणाला एकवेळ दांडी मारत, व्हर्डीच्या शुक्रवारला नाही. जन्मभर शाळेच्या भटारखान्यात राबलेल्या बाईला मिरवायला तेवढाच एक दिवस होता.

मग नवरा गेला, दीर-जावांनी शहरं गाठली. यंदा तर सणच मुलाकडे, लाफायेतला गेला.

"हाडं कुठेत गं?" जेवणं झाल्यावर व्हर्डीने सुनेला हळूच विचारलं.

"बिनहाडांचीच मागवली, आई," क्रिस्टल म्हणाली. "दरवर्षी तुम्ही ती सोलत बसता. या वयात कशाला तो उपद्व्याप?"

पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं, हीच तर पंचाईत. भांडायलासुद्धा जागा नाही. उरलेले काप डब्यात भरून मिळाले. निघताना शुक्रवारचा विषय कोणी काढला नाही, आणि व्हर्डीला तो काढायचा कसा हेच ठाऊक नव्हतं. बोलावणं करायची पद्धतच नव्हती. सांगाडा व्हर्डीकडे गेला की माणसं मागोमाग येत, एवढंच सगळ्यांना माहीत.

शुक्रवारी तिने तरीही दुकानातून टर्कीच्या माना आणून उकळत घातल्या आणि मोठ्या भांड्यात तेलावर पीठ परतायला घेतलं. गंबोचा रंग आणि दाटपणा या पिठावरच, म्हणून ते चॉकलेटी होईपर्यंत हात थांबवायचा नसतो. फोन वाजो की दारात पाहुणा येवो, डोळ्यांत तेल घालून ढवळत राहायचं. त्या वेळी मध्ये बोलणाऱ्या नवऱ्यालाही तिने कैकदा पळीने हाकललं होतं. आज फोन वाजला आणि ती पळी टाकून धावली.

"आई, काय चाललंय?" मुलगा होता, ड्वेन.

"गंबो, दुसरं काय? घर भरलंय नुसतं. काका, त्याची पोरं... श्वास घ्यायला फुरसत नाही बघ." असं का बोलली, देव जाणे. पडलो तरी नाक वर, हा मेलाँसाँ मंडळींचा जुनाच आजार.

"मग सुटलो बुवा! तू एकटी असशील म्हणून तुझ्याकडे निघतच होतो. पोरं गाडीत बसलीसुद्धा. आता त्यांना सिनेमाला नेतो."

"ने ने, खुशाल ने," म्हणत तिने फोन ठेवला.

घरभर करपल्याचा वास पसरला होता. भांड्याच्या तळाशी पीठ काळं ठिक्कर पडलं होतं. व्हर्डी खुर्चीत बसली आणि नवरा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी रडली. आपल्याच तोंडाने आपण आपली माणसं दारातून परत पाठवली, याचं तिला राहून राहून वाईट वाटत होतं. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच फोन लावला.

"ड्वेन, खोटं बोलले रे. घरात काळं कुत्रं नाही. पीठही करपलं."

"तुझं? तुझं पीठ करपलं?"

"तुझा फोन घ्यायला धावले ना."

"आई, पोरं आत जाऊन बसलीत गं. आता उठवलं तर थिएटर डोक्यावर घेतील. उद्या सकाळी येऊ?"

"या की. गंबो मुरलेलाच चांगला लागतो," ती म्हणाली.

भांडं घासून तिने नव्याने पीठ परतलं. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची घातली, मानांचा रस्सा ओतला, शेवटी ते काप सोडले. संध्याकाळपर्यंत भांडं काठोकाठ भरलं. तिने त्यावर झाकण ठेवलं आणि ब्रेडला लोणी लावून खाल्लं. एकटीसाठी गंबो वाढून घ्यायला तिचा हात धजला नाही.